दोन आरशांमधला अणू आणि दारातला ट्रॅक्टर

दिवाळी अंकात असले आठवणींचे लेख निवृत्त माणसं लिहितात, हे मला माहीत आहे. माझा अजून एकही केस पिकलेला नाही. तरी संपादकांनी लिहायला सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं, कारण गेल्या गळीत हंगामात आमच्या प्रयोगशाळेत जे घडलं त्याबद्दल बारामतीपासून इंदापुरापर्यंत भलत्याच गोष्टी फिरत आहेत. तर आधीच सांगून टाकते. आम्ही बॉम्ब बनवत नाही. आम्ही उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या विरोधात नाही. आणि कॉलेजच्या दारातला गतिरोधक उखडून टाका असं आमच्यापैकी कुणीही म्हटलेलं नाही. तसं म्हणणारे दुसरेच होते. त्यांचा समाचार पुढे घेते.

आम्ही काय करतो? आम्ही एक अणू पकडतो. एकच. पकडतो, थंड करतो, धरून ठेवतो आणि सांगू तसं वागायला लावतो. हे काम बारामतीच्या बाहेर, कन्हेरीच्या बाजूला, एका सायन्स कॉलेजच्या दाराशेजारच्या, रस्त्याला लागून असलेल्या इमारतीत चालतं. इमारत बुटकी आहे, खिडक्यांना काळे पडदे आहेत आणि दारावर लेसरची लाल पाटी आहे. अफवा याच पाटीतून जन्मतात.

मी इथलीच बी.एस्सी. गाव वरकुटे. कॉलेजात असताना अभ्यासापेक्षा पत्रकं जास्त लिहिली. मुलींसाठी दुपारची एस.टी., वसतिगृहाचं पाणी, ग्रंथालयाची वेळ. पत्रक लिहायचं शिक्षण मला वर्गात मिळालं नाही, फोटोकॉपीच्या दुकानात उभं राहून मिळालं. वाक्य लहान ठेवायचं, शत्रू नावानिशी सांगायचा आणि शेवटी उद्गारचिन्ह द्यायचं. नंतर ही प्रयोगशाळा चालवणाऱ्या इनामदार मॅडमनी मला प्रयोगशाळेत सहायक म्हणून घेतलं. पहिल्याच दिवशी मी कशावरून तरी तावातावानं बोलत होते, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "वैशाली, आवाज कमी. लेसर हलतो."

मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती.

काम समजून घ्या, अवघड नाही. रुबिडियम नावाचा एक मऊ धातू असतो. त्याचे थोडे अणू एका काचेच्या पेटीत सोडायचे. पेटीतली हवा पंपानं इतकी काढून टाकलेली असते की आत जवळजवळ काहीच उरत नाही. हे अणू स्वस्थ बसत नाहीत. रस्त्यावरची कुठलीही गाडी लाजेल अशा वेगानं ते सुसाट पळत असतात. अणू गरम आहे म्हणजे तो पळतो आहे, थंड आहे म्हणजे त्याचा वेग गेला आहे. बाकी थंडी-उन्हाचा इथे संबंध नाही.

मग वेग कसा काढायचा? उजेडानं. उजेडालाही धक्का असतो, अगदी बारीक. लेसरचा रंग असा नेमका निवडतात की जो अणू उजेडाच्या दिशेनं धावून येईल त्यालाच तो धक्का बसावा. असे लेसर चारी बाजूंनी, वरून आणि खालून सोडले की अणूची गोची होते. ज्या बाजूला पळेल त्याच बाजूनं मार. थोड्या वेळात तो जागच्या जागी चुळबुळ करायला लागतो. मॅडमनी हे फळ्यावर समजावलं तेव्हा वर्गात सगळ्यांच्या आधी मला कळलं. मोर्चात मी हेच भोगलेलं होतं.

इथपर्यंत अणूंचा एक ढग मिळतो. त्यातून एक उचलायचा आणि दोन आरशांच्या मध्ये ठेवायचा. आमच्या यंत्राचा जीव या आरशांत आहे. दोन छोटे, अतिशय गुळगुळीत आरसे समोरासमोर असतात आणि त्यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट असते. फटीत शिरलेला उजेड हजारो वेळा इकडून तिकडे आपटत राहतो आणि मग कुठे बाहेर पडतो. मध्ये एक अणू आला तर तोच उजेड त्याच अणूवरून हजारो वेळा जातो. त्यामुळे एवढासा अणू उजेडाची वाट अडवतो. बाहेर आम्ही पडद्यावर एक रेघ बघत बसलेलो असतो. अणू आला की रेघ एकदम खाली बसते. गेला की वर. आम्ही अणू बघतो म्हणजे ही रेघ बघतो.

आणखी एक गंमत. बरोबर रंग लावला तर आरशांतून बाहेर पडणारा उजेड आत शिरताना होती त्याहून किंचित जास्त ऊर्जा घेऊन जातो. ती जास्तीची ऊर्जा अणूच्या खिशातली. म्हणजे आरशांमधला उजेड अणूला धरूनही ठेवतो आणि थंडही करत राहतो. असा गार, शांत अणू आम्ही सांगू तेव्हा उजेडाचा एकच कण सोडतो, दोन नाही. उद्याचे फोडता न येणारे निरोप आणि नव्या जातीचे संगणक याच कामातून येतील. कधी येतील, हे मी सांगणार नाही. खोटी आश्वासनं देणाऱ्यांवर मी पत्रकं काढलेली आहेत.

तर विज्ञान दिनाला लोक बघायला येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, बर्फ कुठाय? बाहेरच्या कुठल्याही शीतगृहापेक्षा आत जास्त थंड आहे असं आम्ही सांगतो आणि समोर तर टेबलावर नुसते आरसे, भिंगं आणि वायरी. कन्हेरीचे एक बागायतदार आले होते, ढोबळी मिरची करणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेटीकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, एवढं गार हाय म्हणता, तर आमच्या ढोबळीला जागा हाय का? बाजार पडलाय, चार दिस ठिवायची व्हती."

मी म्हटलं, "काका, जागा एका अणूची आहे."

"मग काय कामाचं," म्हणाले आणि समोशाच्या गाडीकडे गेले.

त्यांचा मला राग येत नाही. राग येतो तो पुण्याहून येऊन "अरे वा, बारामतीतसुद्धा असं काम चालतं?" म्हणणाऱ्यांचा. त्या "सुद्धा"चा मला राग येतो. प्रकाशाचे नियम पुण्याला वेगळे आणि इथे वेगळे असतात का?

आता संकट. आरशांमधली फट हलता कामा नये. किती? केसभरसुद्धा नाही, असं आपण म्हणतो. इथे केस म्हणजे डोंगर झाला. अणूच्या जाडीच्याही अंशाएवढी ती हलली की आतला उजेड विस्कटतो आणि अणू निसटतो. म्हणून सगळं यंत्र एका जाड पोलादी टेबलावर असतं. टेबलाचे पाय हवेवर तरंगतात, म्हणजे जमिनीचा हादरा वर येत नाही. शिवाय एका आरशामागे एक स्फटिक आहे. विजेचा दाब बदलला की तो जरासा फुगतो किंवा आकसतो आणि आरसा जागेवर ओढून धरतो. हे ओढून धरणं आपोआप, सतत चालू असतं. आम्ही त्याला लॉक म्हणतो. लॉक तुटलं की सगळं संपलं, पुन्हा पहिल्यापासून.

पावसाळ्यात यंत्र छान चाललं. मग कारखान्यांची धुराडी पेटली. आमच्या कॉलेजवरून जाणारा रस्ता म्हणजे उसाची वाट. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, वर आभाळाला टेकलेला ऊस, पुढे रंगीत गोंडे, कानठळ्या बसवणारी गाणी. आमच्या दारात गतिरोधक. तिथे ट्रॅक्टर सावकाश होतो, कॉलेजची पोरं मागून ऊस उपसतात, ड्रायव्हर वळून शिव्या देतो आणि मग पुढची ट्रॉली आणि मागची ट्रॉली धाड-धाड करून उतरते. प्रत्येक धाडला आमचं लॉक तुटायचं. अणू गेला. पुन्हा जुळवा. जुळलं की पुढचा ट्रॅक्टर. रात्रीही सुटका नाही, ऊस काही घड्याळ बघून जात नाही.

यंत्राला पैसा देणाऱ्यांची पाहणी समिती नेमकी त्याच आठवड्यात आली. अध्यक्ष पुण्याचे, बारीक चेहऱ्याचे, प्रत्येक वाक्य तोलून बोलणारे. त्यांच्यासमोर अणू एकदाही टिकला नाही. चहा घेताना ते म्हणाले, "ग्रामीण परिसर या प्रकारच्या कामाला अनुकूल नाही, असं दिसतं. हंगाम संपायच्या आत आम्ही पुन्हा येऊ. दिवसा, वाहतूक चालू असताना, अणू स्थिर राहिला तर उत्तम. नाही तर यंत्र पुण्याला हलवावं लागेल."

मी बोलणार होते, पण मॅडमनी टेबलाखालून माझ्या चपलेवर पाय ठेवला.

यंत्र गेलं असतं तर माझं काय झालं असतं? फारसं नाही. पुण्यात खोली घेतली असती. पण निमगावची, पळसदेवची, आमच्या वरकुट्याची मुलगी, जिला घरचे बारामतीपर्यंतच सोडतात आणि तेही दिवस मावळायच्या आत परत ये म्हणून, तिनं अणू कुठे बघायचा? पुस्तकातल्या गोल गोल चित्रात? आमच्याकडे दर वर्षी अशा मुली प्रकल्पाला येतात. स्वतःच्या हातानं लेसर जुळवतात. ही खोली बंद झाली की त्यांचं दार बंद, एवढं सरळ होतं ते.

समितीची गाडी गेली आणि गावातले एक हौशी पुढारी हजर झाले. "मॅडम, काळजी नको. उद्याच ब्रेकर काढून टाकतो. जेसीबी आपलाच हाय."

आता मात्र मी थांबले नाही. तो गतिरोधक आम्ही बसवून घेतलेला आहे. पहिल्या वर्षाची एक मुलगी दारात गाडीखाली आली होती, ती आजही लंगडते. त्यानंतर आम्ही रस्त्यात बसलो, उन्हात बसलो, तेव्हा कुठे तो डांबराचा उंचवटा पदरात पडला. एका अणूसाठी पोरींचे पाय द्यायचे? मी म्हटलं, "जेसीबी आणाच. पुढे मी आडवी पडते."

पुढारी मॅडमकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "ती खरंच पडेल. जेसीबी नको."

मग उपाय काय? मला एकच उपाय येतो. मी पत्रक काढलं. मजकूर असा:

"ट्रॅक्टरचालक बंधूंनो! तुमच्या वाटेवर एक अणू राहतो. तो या तालुक्याचा आहे. तुमच्या ट्रॉलीच्या एका आदळण्यानं तो निसटतो. तो निसटला तर यंत्र पुण्याला जाईल. ते जाऊ द्यायचं का? कॉलेजच्या दारात वेग अगदी कमी करा! अणू तुमच्या हातात आहे!"

सादिकनं, आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसानं, वाचून मान हलवली. तो इंदापूरचा, मोजकं बोलणारा. "ताई, कंपनं पत्रक वाचत नाहीत."

"माणसं वाचतात," मी म्हटलं आणि कारखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर जाऊन वाटून आले.

माणसांनी वाचलं. हीच तर पंचाईत झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अणू जुळवत होतो आणि बाहेर धडधड सुरू झाली. जाणारी नाही, थांबलेली. मी पडदा सारून बघते तर गतिरोधकाच्या अलीकडे चार-पाच ट्रॅक्टर ओळीनं उभे, सगळ्यांची इंजिनं चालू, आणि सगळ्यात पुढचा तर आमच्या भिंतीला खेटून. मी धावत बाहेर गेले. पुढच्या ट्रॅक्टरवर पळसदेवचे एक तात्या बसले होते. जाड मिशा, डोक्याला टॉवेल, हातात माझं पत्रक.

"तात्या, थांबलात कशाला?"

"तुमीच लिवलंय न्हवं, अणू आमच्या हातात हाय म्हणून?" तात्यांनी पत्रक हलवलं. "मग दावा की. हातात हाय तर बघू तरी द्या."

"मी हळू जा म्हटलं होतं! थांबा नाही!"

"हळू जाता जाता थांबलो. लई हळू गेलं की थांबतंच."

मागच्या ट्रॅक्टरवरून हशा पिकला. मी हात जोडले. "निदान इंजिन तरी बंद करा हो."

"बॅटरी उतरल्याली हाय. बंद केलं तर ढकलायला कोण, तुमी का तुमचा अणू?"

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. एवढी पत्रकं काढली, पण आपल्याच पत्रकानं आपलाच अणू मारायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मी मॅडमना सांगायला आत पळाले. आत वेगळंच दृश्य. सादिक आणि मॅडम पडद्यासमोर वाकलेले. लॉक किती ताणलं जातंय हे दाखवणारी दुसरी रेघ, जी एरवी ट्रॅक्टर गेला की एकदा उडी मारून मोडून पडायची, ती आज मोडली नव्हती. ती लाटेसारखी हलत होती. एकसारखी, न थकता.

"मॅडम, मी त्यांना घालवते."

"त्यांना जाऊ देऊ नकोस," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी वळून न बघताच सांगितलं, "इतके दिवस हादरा येऊन निघून जायचा. बघायच्या आत सगळं संपलेलं. दवाखान्यात पाऊल टाकलं की उतरणाऱ्या तापासारखं. आज ताप खुर्चीवर बसून आहे. त्यांना म्हणावं, इंजिन चालूच ठेवा."

मी परत बाहेर. मागच्या सगळ्यांना नंबर जायची भीती होती, ते निघून गेले. कारखान्याच्या रांगेतला नंबर गेला की ऊस वाळतो, वजन उतरतं. त्यांचं बरोबरच होतं. तात्या मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"तात्या, मॅडम म्हणतात चालूच ठेवा. जरा रेस कमी-जास्त करायची. मी खिडकीतून सांगते तशी."

तात्यांनी पत्रकाची घडी करून खिशात टाकली. "कोण म्हणतं ट्रॅक्टर थांबवा, कोण म्हणतं पळवा. चालू ठिवून उभा ऱ्हा म्हणणारं आजच भेटलं."

"तुमचा नंबर?"

"जाऊ द्या. म्होरं मेहुणा हाय रांगेत, धरंल त्यो. पर अणू दावायचा. कबूल?"

"कबूल."

मग तासभर जे चाललं ते बघून कॉलेजची पोरं ऊस उपसायचीसुद्धा विसरली. मी खिडकीत उभी राहून ओरडायचे, "तात्या, वाढवा! अजून! आता तिथंच धरा!" आणि तात्या रेस धरून ठेवायचे. आत सादिक टेबलाभोवती फिरून एकेका वस्तूवर तळहात ठेवायचा. पंपाची नळी, काही फरक नाही. लेसरची फळी, नाही. आरशांची पेटी, नाही. एका विशिष्ट रेसला मात्र लाट एकदम दुप्पट फुगायची. इंजिनाचा तो एक सूर टेबलावरच्या कशालातरी नेमका सापडत होता. कशाला?

सादिकचा हात वायरींच्या जुडग्यावर गेला आणि लाट मेली. हात काढला, लाट आली. ठेवला, मेली. सादिक कधी हसत नाही, पण त्या वेळी त्याचे सगळे दात दिसले.

आता इथे मला पुन्हा राग येतो, आणि तो मी लिहिणार. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार म्हणून वरून हुकूम आला होता, वायरी लोंबकळताना दिसू नयेत, फोटोत वाईट दिसतं. म्हणून सगळ्या वायरी एकत्र करून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून आवळल्या होत्या आणि भिंतीवरच्या लोखंडी फळीला बांधल्या होत्या. फोटो सुंदर आला. पण तरंगणारं टेबल त्या दिवसापासून तरंगत नव्हतं, ते वायरींनी भिंतीला बांधलेलं होतं. भिंत रस्त्याला लागून. रस्त्याचा प्रत्येक हादरा वायरींवरून चढून थेट आरशांपर्यंत. ग्रामीण परिसर प्रतिकूल नव्हता, साहेब. फोटो प्रतिकूल होता!

सादिकनं कटर घेतलं आणि एकेक पट्टी कापली. वायरी खाली लोंबल्या, कुरूप, मोकळ्या. ढिल्या सोडून त्या वाळूच्या छोट्या पिशव्यांवरून नेल्या, म्हणजे उरलासुरला हादरा वाळू खाईल. बाहेर तात्यांनी तीच रेस धरलेली होती. पडद्यावरची लाट बसत बसत जवळजवळ सरळ झाली.

मॅडमनी अणू जुळवायला घेतला आणि मी तात्यांना बोलावलं. ट्रॅक्टर चालूच ठेवून, चाकांना दगड लावून, चपला दारात काढून ते आत आले. मी त्यांना रेघ दाखवली. अणू आला की ही खाली बसेल, एवढंच सांगितलं.

थोडा वेळ काही झालं नाही. मग रेघ टपकन खाली बसली.

"लागला!" तात्या एकदम म्हणाले. उजनीच्या पाण्यात गळ टाकणारा माणूस, त्याला बूच बुडालेलं कळतं.

"लागला," मॅडम म्हणाल्या.

"एकच हाय?"

"एकच."

"आन् ह्यो माझाच आवाज चाललाय न्हवं भायेर?" त्यांनी भिंतीकडे मान वळवली. भिंत बारीक थरथरत होती, रेघ हलत नव्हती. "माझा ट्रॅक्टर चालू असून बसलाय व्हय गप?"

"हो."

तात्यांनी टॉवेलनं मिशा पुसल्या. "आमच्या पोरापेक्षा बरा म्हणायचा. त्यो इंजिन चालू केलं की पळतोय."

अणू गेला तो आपला आपण गेला, ट्रॅक्टरनं घालवला नाही. तोपर्यंत तात्या खुर्चीवर मांडी घालून बसले होते आणि चहा आला होता.

अर्थात एवढ्यानं सगळं झालं असं नाही. पुढचे कितीतरी दिवस बारीकसारीक दुरुस्त्या चालल्या. एक नळी भिंतीला घासत होती, एअरकंडिशनरचा एक बोल्ट सैल होता. प्रत्येक वेळी आम्ही दारात येणाऱ्या कुणाला तरी थांबवायचो आणि म्हणायचो, जरा रेस द्या. ट्रॅक्टरवाल्यांना त्याची इतकी सवय झाली की काही जण न सांगताच थांबून विचारायचे, "आज देऊ का?"

हंगाम संपत आला आणि समिती आली. पुढाऱ्यांनी सुचवलं होतं की त्या दिवशी वाहतूक कालव्याच्या रस्त्यानं वळवू. मॅडमनी साफ नाही म्हटलं. मलाही तेच म्हणायचं होतं, पण या वेळी त्या आधी बोलल्या. कुणालाही निरोप गेला नाही. मी माझ्या पिशवीत एक नवीन पत्रक लिहून ठेवलं होतं, यंत्र नेलंच तर वाटायला. त्यात उद्गारचिन्हं बरीच होती.

अध्यक्ष पडद्यासमोर उभे राहिले, हात मागे बांधून. मॅडमनी अणू धरला. रेघ खाली बसली. दूरवरून गाणं ऐकू यायला लागलं, मग धडधड, मग ट्रॅक्टर दारात. पुढची ट्रॉली धाड. कपाटातल्या बरण्या खणखणल्या. मागची ट्रॉली धाड. माझ्या तळपायांना तो हादरा कळला. अध्यक्षांनाही कळला असणार, त्यांनी बुटांकडे बघितलं.

रेघ जागची हलली नाही.

गाणं लांब गेलं. दुसरा ट्रॅक्टर आला, गेला. रेघ खालीच. सादिकनं डोळे मिटून घेतले होते.

"या वायरी," अध्यक्ष शेवटी म्हणाले, "जरा नीट बांधायला हव्यात का?"

"नको!" आम्ही तिघंही एकदम.

मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, मधूनमधून बारीक प्रश्न विचारले, आणि मला कबूल करायला पाहिजे की प्रश्न चांगले होते. सगळं बघून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग हलवायचं कशाला? राहू दे इथंच. या कामाला असा हादरा सोसणारं यंत्र कुठेतरी हवंच आहे."

मला काहीतरी म्हणायचं होतं. महिनोन्‌महिने साठवलेलं, "सुद्धा"पासून सगळं. तोंड उघडलं आणि त्यातून फक्त "चहा घेणार का?" एवढंच बाहेर पडलं. त्यांनी घेतला. दोन वेळा घेतला.

संध्याकाळच्या इंदापूर गाडीत मी खिडकीशी बसले. उसाची शेतं तोडून मोकळी झाली होती. अंगातली सगळी ताकद निघून गेल्यासारखं झालं होतं, पण ते बरं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. बाजूच्या बाईंनी विचारलं, "काय गं, कॉलेजात आहेस का?" मी म्हटलं, "प्रयोगशाळेत. इथंच. बारामतीत." त्यांनी पुढे काही विचारलं असेल, पण मला झोप लागली होती.

कंडक्टरनं खांदा हलवला तेव्हा गाडी इंदापूर स्टँडात उभी होती. "ताई, तुमचा वरकुट्याचा फाटा कवाच मागं गेला की! मी वरडलो दोनदा."

एरवी मी त्याला सोडलं नसतं. फाट्यावर प्रवाशाला उठवायची जबाबदारी कुणाची, यावर मी एक पूर्ण पत्रक लिहू शकते. पण मी नुसती उतरले, परतीची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारलं आणि बाकावर बसून राहिले. गाडी बऱ्याच उशिरानं आली. मी कुणाशीही भांडले नाही.